एका तासाची फी आणि दीड हजार मॅचेस

१,५६० मॅचेस. फायटिंग गेममध्ये शंभरात पन्नास मॅचेस जिंकणारा खेळाडू शिकवणी लावल्यावर पंचावन्न जिंकू लागला का, हे आकड्यांनी ठरवायचे असेल तर शिकवणीआधीच्या इतक्या आणि नंतरच्या तितक्याच मॅचेस मोजाव्या लागतात. अट तशी माफकच धरली आहे. फरक खरोखर पडला असेल तर पाचांत चार वेळा तो सापडावा आणि पडलाच नसेल तर विसांत एकदाच आपली फसगत व्हावी, एवढीच. एक मॅच तीन मिनिटांत आटोपते असे धरले तरी १,५६० मॅचेसना ७८ तास लागतात. रोज तासभर खेळणाऱ्याचे अडीच महिने शिकवणीआधी आणि अडीच महिने नंतर.

हा हिशेब आधी मांडला, कारण ‘स्ट्रीट फायटर ६’ किंवा ‘टेकन ८’ शिकवण्यासाठी तासावर पैसे घेणारे तरबेज खेळाडू आता जगभर आहेत. ‘मेटाफाय’सारख्या संकेतस्थळांवर खेळाडू आपला दर स्वतः लावतो आणि विद्यार्थी सोयीची वेळ निवडतो. थळ बाजारात राहणारा, दिवसा अलिबागला कॉलेजला जाणारा आणि रात्री घरी कंट्रोलर हातात घेणारा एखादा मुलगा मुंबईतल्या किंवा टोकियोतल्या खेळाडूचा तास तितक्याच सहज विकत घेऊ शकतो. घ्यावा का? माझे उत्तर ‘हो’ आहे, पण अटीवर. या तासाने आपला कोणता आकडा हलणार, हे पैसे देण्याआधी त्याला सांगता आले पाहिजे. आणि तो आकडा जिंकलेल्या मॅचेसचा असून चालणार नाही.

जिंकण्याच्या टक्केवारीवर माझा राग आहे, कारण शिकणाऱ्याचा धीर तीच सर्वांत आधी खचवते. निम्म्या मॅचेस जिंकणाऱ्या खेळाडूने १०० मॅचेस खेळल्या तर त्यातल्या ४० ते ६० तो निव्वळ योगायोगानेही जिंकू शकतो. शिकवणीनंतरच्या आठवड्यात ४४ जिंकल्या म्हणून पैसे वाया गेले असे होत नाही, आणि ५७ जिंकल्या म्हणून गुरू थोर ठरत नाही. त्यात ऑनलाइन जोडी लावणारी यंत्रणाच अशी बांधलेली असते की तुम्ही सुधारलात की ती तुमच्यापुढे आणखी तगडा प्रतिस्पर्धी उभा करते. खेळ वाढला तरी टक्केवारी पुन्हा पन्नासाच्या आसपास येऊन बसते. सहा महिने मनापासून मेहनत केलेला मुलगा आकडा पाहतो, तो तिथेच दिसतो, आणि तो खेळ सोडून देतो.

रँककडे पाहावे म्हटले तर तोही पूर्ण भरवशाचा नाही. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये रूकीपासून मास्टरपर्यंत आठ पायऱ्या आहेत आणि मास्टरला पोचायला २५,००० गुण लागतात. पण खालच्या पायऱ्यांवर सलग जिंकल्यास जादा गुण मिळतात, त्यामुळे निम्म्या मॅचेस हरणारा माणूसही चिकाटीने वर सरकत राहतो. मास्टर झाल्यावर प्रत्येकाला १,५०० पासून सुरू होणारे वेगळे गुणांकन मिळते, ते त्या मानाने खरे बोलते. तिथवर पोचेपर्यंत रँकमध्ये कौशल्य किती आणि घालवलेले तास किती, हे वेगळे काढता येत नाही.

मग मोजायचे काय? या खेळांत वेळ फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. समोरच्याची एखादी मूव्ह तुम्ही ब्लॉक केली आणि ती ‘उणे सात’ असेल, तर तो तुमच्यापेक्षा सात फ्रेम उशिरा मोकळा होतो. तुमचा जलद ठोसा चार फ्रेममध्ये लागत असेल आणि समोरचा टप्प्यात असेल, तर तो ठोसा त्याला चुकवताच येत नाही. खेळाडू याला पनिश करणे म्हणतात. नवखा खेळाडू मात्र ब्लॉक धरूनच बसतो, कारण संधी आली होती हेच त्याला ठाऊक नसते. ‘टेकन ८’ २६ जानेवारी २०२४ रोजी आला तेव्हा त्यात ३२ पात्रे होती आणि प्रत्येकाकडे शंभराहून जास्त मूव्ह. यातल्या कोणत्या मूव्हनंतर मारायचे हे सगळे पाठ करायला बसले तर माणूस दमून जाईल.

आता ही मोजणी पाहा. आठ-दहा मॅचेसचे रिप्ले काढले आणि त्यात पनिश करण्याच्या २० संधी सापडल्या. मुलाने त्यातल्या ४ साधल्या. शिकवणी झाली, दोन आठवडे सराव झाला, पुन्हा तसेच रिप्ले काढले, पुन्हा २० संधी, आणि या वेळी १४ साधल्या. एवढा फरक केवळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात चारच्याही खाली आहे. जे सिद्ध करायला जिंकण्या-हरण्याच्या वहीत हजारो नोंदी लागल्या असत्या, ते इथे चाळीस नोंदींत दिसले. म्हणून शिकवणीचा सौदा याच पातळीवर करावा असे मी म्हणतो. पनिश किती साधले, उडी मारून येणाऱ्याला किती वेळा खाली पाडले, भिंतीशी अडकल्यावर किती वेळा सुखरूप सुटलो. हे आकडे लहान असतात, पण लवकर हलतात आणि का हलले तेही समजते.

शिकवणीचा एकूण उपयोग किती, यावर शाळेच्या अभ्यासात बरेच काम झाले आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये दावा केला की एकास एक शिकवणीने सरासरी विद्यार्थी वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. हा आकडा पुढे टिकला नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम निम्म्याहून खाली आला, म्हणजे सरासरी विद्यार्थी साधारण ७८ टक्क्यांच्या पुढे. २०२० मध्ये निकाऊ, ओरिओपोलस आणि क्वान यांनी ९६ प्रयोगांचा आढावा घेतला आणि तोच विद्यार्थी ६४ टक्क्यांच्या पुढे गेलेला दिसला. दावा उतरत गेला, पण शून्यावर आला नाही. शिक्षणातल्या इतक्या उपायांमध्ये एवढा परिणाम दाखवणारे उपाय थोडेच आहेत. हे प्रयोग वाचन-गणिताचे आहेत, ठोसे आणि कॉम्बोचे नाहीत, हे लक्षात ठेवून मी यातून एकच गोष्ट उचलतो. त्या ९६ प्रयोगांत प्रशिक्षित शिक्षकांच्या शिकवणीचा परिणाम स्वयंसेवकांच्या आणि पालकांच्या शिकवणीपेक्षा जास्त होता. शिकवणे हे स्वतंत्र कसब आहे.

इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या दारी जातात. विद्यार्थी ज्याची रँक सर्वांत उंच त्याला शोधतो. मिचेल नेथन आणि अँथनी पेट्रोसिनो यांनी २००३ मध्ये होऊ घातलेल्या शिक्षकांवर केलेला अभ्यास याबाबत बोलका आहे. ज्यांचे गणिताचे ज्ञान जास्त, त्यांनाच नवख्या मुलांना कोणती उदाहरणे अवघड जातात याचा अंदाज चुकीचा होता. फायटिंग गेममध्ये हे पदोपदी घडते. मास्टर खेळाडूचे हात आपोआप पनिश करतात. ते कधी जमू लागले हे त्याला आठवत नाही, म्हणून तो विद्यार्थ्याला लांबलचक कॉम्बो शिकवतो. मुलगा महिनाभर कॉम्बो घोटतो आणि मॅचमध्ये तो सुरू करण्याची संधीच त्याला मिळत नाही. तुमच्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या वर असलेला, त्या पायऱ्या नुकत्याच चढलेला आणि रिप्ले थांबवून ‘इथे तुला काय दिसलं?’ असे विचारणारा माणूस मला अधिक मोलाचा वाटतो.

पण मुळात पैसे का द्यावे लागतात? रायगडात गावोगाव कबड्डीचे संघ आहेत. अलिबाग तालुक्यात संध्याकाळी मैदानावर जुना खेळाडू नव्या पोराला पकड शिकवतो आणि त्याचे तासावर पैसे मागत नाही, कारण ते पोर उद्या त्याच्याच संघातून चढाई करणार असते. शिकवण्याचा मोबदला शिकवणाऱ्याला संघाच्या विजयातून मिळतो. फायटिंग गेममध्ये संघ नाही. समोरासमोर दोघे, आणि तुम्ही सुधारलात तर वरच्या खेळाडूला एक प्रतिस्पर्धी वाढतो. खेळाडूंची ताकद गुणांत मोजणाऱ्या एलो गुणांकनाच्या सूत्राप्रमाणे ४०० गुणांचे अंतर असले की वरचा खेळाडू शंभरात ९१ डाव जिंकतो. त्याला अशा खेळातून शिकायला जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याने आपली संध्याकाळ तुम्हाला द्यावी असे वाटत असेल तर तिची किंमत मोजणे रास्त आहे, आणि ती मागण्यात त्याला संकोच वाटायचे कारण नाही.

पूर्वी संघाची ही उणीव व्हिडिओ गेम पार्लर भरून काढत. हरलेल्याने नाणे टाकायचे, जिंकलेला मशीनवर टिकून राहायचा, आणि मागे उभी असलेली पोरे बघून बघून शिकायची. लाहोरच्या अर्सलान अॅशने २०१९ मध्ये आधी जपानची आणि मग अमेरिकेची ‘इव्हो’ स्पर्धा ‘टेकन ७’मध्ये जिंकली, तेव्हा जग चकित झाले. त्याने जिंकल्यावर सांगितले की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत. ती बढाई नव्हती. त्याच मंडळीतल्या आतिफ बटने पुढे ‘टेकन वर्ल्ड टूर’ची २०२२ च्या हंगामाची अंतिम फेरी जिंकली, आणि कोरियाचा नामांकित खेळाडू नी स्वतः पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळून आला. ही पोरे एका खोलीत शेजारी-शेजारी बसून, रोज एकमेकांना हरवत घडली. तासाला अमुक पैसे देऊन कोणी जगज्जेता झाल्याचा दाखला यात नाही. थळमधला मुलगा घरात एकटा खेळत असेल तर त्याच्याकडे ती खोली नाही, आणि फी देऊन तो त्या खोलीचा लहानसा तुकडा विकत घेत असतो. कोणता तुकडा घ्यावा, हा खरा प्रश्न आहे.

गुरूबरोबर तासभर खेळण्याचा तुकडा घेऊ नये. तासात तीन मिनिटांच्या २० मॅचेस होतात. ४०० गुणांचे अंतर असेल तर त्यातल्या दोन तुम्ही जिंकाल, अठरा हराल, आणि का हरलो हे कळायच्या आत पुढची सुरू होईल. गुरू दूरदेशी असेल तर आणखी एक अडचण आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. थळहून मुंबई समुद्रावरून पंचवीस-तीस किलोमीटर, तिथवर जाऊन यायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, म्हणजे दोनहून जास्त फ्रेम. टोकियो सुमारे ६,७०० किलोमीटर, किमान ६७ मिलिसेकंद, म्हणजे चार फ्रेम. ही केवळ प्रकाशाची मर्यादा झाली. केबल सरळ रेषेत जात नाही, प्रत्यक्ष उशीर यापेक्षा बराच वाढतो. ‘स्ट्रीट फायटर ६’मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा हल्ला २६ फ्रेममध्ये, म्हणजे ४३३ मिलिसेकंदांत लागतो. माणसाची नजर आणि हात मिळून २०० ते २५० मिलिसेकंद खातात. उरलेल्या अकरा ते चौदा फ्रेममधून चार-सहा नेटवर्कने नेल्या, तर जे घरी जमते ते गुरूसमोर जमत नाही, आणि गुरू नसलेला दोष दुरुस्त करायला बसतो. आताच्या खेळांतले रोलबॅक तंत्र हा उशीर पुष्कळसा लपवते, पण अंतर पुसून टाकत नाही.

माहितीचा तुकडाही विकत घेऊ नये, कारण ती फुकट आहे. ‘स्ट्रीट फायटर ६’च्या ट्रेनिंग मोडमध्ये पडद्यावर फ्रेम मीटर दिसतो. ‘टेकन ८’मध्ये स्वतःचा रिप्ले मध्येच थांबवून तिथून पुढे कंट्रोलर हातात घेता येतो, आणि इथे तू पनिश करू शकला असतास असे तो खेळच सांगतो. या दोन सोयी महिनाभर नीट वापरल्याशिवाय कोणालाही फी देऊ नये, असे मी कळकळीने सांगेन.

घ्यायचा तो निदानाचा तुकडा. आधी पाठवलेले रिप्ले बघून ‘तुझ्या दहा पराभवांपैकी सात या एका सवयीमुळे झाले’ असे सांगणारी नजर. स्वतःची सवय स्वतःला दिसत नाही, कारण खेळताना लक्ष समोरच्यावर असते. रिप्ले बघताना नेटवर्कच्या उशिराचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे गुरू टोकियोत असला काय नि पनवेलला असला काय, सारखेच. फक्त भाषा समजली पाहिजे. मराठीतून किंवा हिंदीतून विचारता आले तर शिकणारा अधिक मोकळा होतो.

आता रुपये. समजा फी तासाला १,००० रुपये आहे. त्या तासात मिळालेल्या दुरुस्तीवर मुलाने पुढे २० तास सराव केला, तर सरावाच्या प्रत्येक तासावर ५० रुपये पडले. दोनच तास सराव करून त्याने पुढचा तास लावला तर तोच दर ५०० होतो. तुलनेसाठी, प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला. रोज तासभर असा तीन वर्षे वापरला तर यंत्राचा खर्च तासाला सुमारे ४६ रुपये येतो. शिकवणीचा भार यंत्राच्या भाराइतका राहिला तर तो मला योग्य वाटतो, आणि त्यासाठी प्रमाण एकास वीसच्या आसपास ठेवावे लागते. रोज तासभर खेळणाऱ्याला याचा अर्थ तीन आठवड्यांतून एक तास. दर रविवारी तास लावणारा मुलगा शिकवणीच्या आधारावर जगू लागतो आणि सरावाची जागा शिकवणी घेते.

सरावाचे वजन किती, याचाही आकडा आहे. मॅकनमारा, हॅम्ब्रिक आणि ऑसवल्ड यांनी २०१४ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात खेळाडूंमधल्या फरकापैकी हेतुपूर्वक केलेल्या सरावाने उलगडणारा भाग बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के निघाला, मैदानी खेळांत १८ टक्के. बाकीचा फरक इतर गोष्टींचा. बुद्धिबळातच शार्नेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की ग्रँडमास्टर झालेल्यांनी पहिल्या दहा वर्षांत एकट्याने केलेला गंभीर अभ्यास सुमारे ५,००० तासांचा होता, मध्यम खेळाडूंच्या जवळजवळ पाचपट. तर आर्जेन्टिनातल्या १०४ खेळाडूंच्या अभ्यासात गोबे आणि काम्पितेल्ली यांना मास्टर होण्यासाठी लागलेले तास ३,०१६ ते २३,६०८ असे आढळले. एकाला जे तीन हजारांत जमते त्यासाठी दुसऱ्याला तेवीस हजार लागतात. हे वाचून मुलाला नाउमेद करू नये. फी देणाऱ्या पालकाने मात्र हे आधी वाचावे, कारण पैसे मोजले म्हणून तासांची संख्या ठरावीक होत नाही.

पालकांचा दुसरा प्रश्न असतो, याला भविष्य काय. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाखाली आणले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे ठेवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास हे दोघे भारताकडून उतरले. भारताने त्या स्पर्धेत एकूण १०७ पदके मिळवली, त्यात ई-स्पोर्ट्सचे एकही नव्हते. ‘स्ट्रीट फायटर ५’चे सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वू यांना मिळाले, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. या खेळात पंचविशीनंतर संपले असे मानणाऱ्यांना हे वय सांगावे. तरीही बक्षिसांची उतरंड फार टोकदार आहे. २०२५ च्या मार्चमध्ये टोकियोत काकेरू ‘कॅपकॉम कप’ जिंकला आणि त्याला दहा लाख डॉलर मिळाले, पण असा विजेता वर्षाला एकच. पदकाच्या किंवा बक्षिसाच्या आशेवर फी भरणे मला मान्य नाही. गाणे शिकायला पैसे देतो, पोहणे शिकायला देतो, त्याच भावनेने द्यावे.

शिकवणाऱ्याचा हिशेबही पाहिला पाहिजे. आठवड्याला दहा तास, तासाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण २४,०००. पण प्रत्येक तासाआधी अर्धा तास रिप्ले नीट बघणारा माणूस प्रत्यक्षात तासाला ४०० रुपयेच कमावतो. जो आधी रिप्ले मागवत नाही त्याला ६०० पडतात. म्हणून पहिल्या निरोपातच ‘रिप्ले आधी पाठवू का?’ असे विचारून पाहावे. ‘नको, तासात बघू’ असे उत्तर आले तर दुसरा माणूस शोधावा. आणि जो मागवतो त्याच्याशी दराची घासाघीस करू नये. मुलगा अठराच्या आतला असेल तर पैसे आणि बोलणे दोन्ही पालकांच्या समोर व्हावे.

आणखी एक वाट आहे, आणि थळ-अलिबागसारख्या भागात तीच मला सर्वांत पसंत आहे. जवळपास त्याच रँकचा दुसरा खेळाडू शोधावा. थळला नसेल तर नवगावला, किहीमला, अलिबागला असेल. १,००० रुपयांचा तास दोघांनी मिळून घेतला तर माणशी ५०० पडतात. गुरू दोघांच्या आपसातल्या मॅचेसचे रिप्ले बघेल, म्हणजे एका रिप्लेत दोन विद्यार्थ्यांचे निदान होईल. नंतरचे २० तास दोघे एकाच पडद्यासमोर बसतील, मध्ये नेटवर्क नाही, आणि प्रत्येक जण साधारण निम्म्या मॅचेस जिंकेल. सरावाच्या तासावरचा भार २५ रुपयांवर येतो, आणि नंतर रिप्ले बघत एकमेकांच्या पनिशची मोजणी वहीत लिहायला माणूस शेजारीच असतो.